एमडी बालरोग घेऊन सोलापुरातच राहायचे आहे, हा निर्णय योग्य ठरेल का?

विणकरकन्या

नमस्कार. मी सोलापुरातूनच एमबीबीएस केले असून गेल्या महिन्यात माझी इंटर्नशिप पूर्ण झाली. नीट पीजीमधील माझ्या क्रमांकावर राज्यातील एखाद्या शासकीय महाविद्यालयात एमडी बालरोगाची जागा मिळण्याची बऱ्यापैकी आशा आहे; रेडिओलॉजी किंवा त्वचारोग मात्र त्या क्रमांकावर मिळणार नाही. घरच्यांचे म्हणणे असे की, एक वर्ष थांबावे, पुन्हा परीक्षा द्यावी आणि रेडिओलॉजीच घ्यावी. वडिलांनी तीस वर्षे टॉवेलच्या कारखान्यात मागावर पाळ्या केल्या आणि आई अजूनही घरी विड्या वळते, त्यामुळे 'मुलीने तरी रात्री झोपावे' ही त्यांची अपेक्षा मला चुकीची म्हणवत नाही.

बालरोग विभागातील माझी दोन आठवड्यांची पोस्टिंग मे महिन्यात झाली. एका रात्री अक्कलकोट तालुक्यातून १४०० ग्रॅम वजनाचे, दिवसांआधी जन्मलेले बाळ आले. सिस्टरांनी दुपटे काढून, काटा शून्यावर आणून वजन दोनदा घेतले आणि पहिल्या वर्षाच्या निवासी मॅडमनी बाळाच्या हाताखाली टॉर्च धरून शीर शोधली व जांभळी, म्हणजे २६ नंबरची सुई तिसऱ्या प्रयत्नात लावली. मला त्यांनी एवढेच काम दिले होते की तपासणीसाठी प्रत्येक वेळी किती रक्त काढले ते कागदावर लिहीत जायचे. एवढ्याशा रक्ताचा हिशेब कशाला, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, या बाळाच्या अख्ख्या अंगात जेमतेम सव्वाशे मिलिलिटर रक्त आहे, त्यातले पाच मिलिलिटर आपण काढले तर मोठ्या माणसाचे दोनशे काढल्यासारखे होते. ते बाळ वाचले आणि सहा आठवड्यांनी घरी गेले, असे मला नंतर कळले.

माझा प्रश्न मात्र त्या बाळामुळे पडलेला नाही. त्याच आठवड्यात दहा महिन्यांचे एक मूल पहाटे गेले आणि सकाळच्या राउंडला मला केस पेपरवर धड लिहिताही येत नव्हते. ज्यांनी या शाखेत वर्षे काढली आहेत त्यांना मी हे विचारू इच्छिते की, याची सवय होते का आणि ती व्हावी का? शिवाय सोलापूरसारख्या शहरात नव्या बालरोगतज्ज्ञाला आता कितपत वाव आहे, आणि एमडीऐवजी डिप्लोमा करून लवकर मोकळे व्हावे का, याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती. पसंतीक्रम पुढच्या आठवड्यात भरायचा आहे.

जुना_डीसीएच

डॉक्टर, सवयीच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देत नाही, कारण ते घाईत देण्यासारखे नाही. बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो. मी १९९३ सालापासून शहराच्या पूर्व भागात बालरोगाचा दवाखाना चालवतो. माझ्या पिढीत एमबीबीएसनंतर दोन वर्षांची डीसीएच, म्हणजे बालआरोग्याची पदविका, केली की पाटी लावता येत असे आणि ती पुरतही असे, म्हणून मी या नावाने इथे लिहितो. पण तुम्ही त्या वाटेने जाऊ नये असे मला वाटते. एमडीची जागा समोर असताना एका वर्षाच्या बचतीसाठी डिप्लोमा घेणे म्हणजे, पुढे महाविद्यालयात शिकवायचे ठरले किंवा नवजात शिशूंच्या डीएमला, म्हणजे एमडीच्या पुढच्या पदवीला, बसायचे ठरले, तर एमडीच्या तोडीच्या डीएनबी पदवीसाठी पुन्हा दोन वर्षे घालवणे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने सुरू केलेला दोन वर्षांचा डिप्लोमा वाईट नाही. ज्यांना एमडी मिळतच नाही त्यांच्यासाठी तो चांगला मार्ग आहे, एवढेच.

वाव किती आहे, याचे उत्तर देताना मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मी सुरुवात केली तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत जुलाबाने कोरडी पडलेली मुले रोज येत. चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी पिंपात साठवायचे, त्यात तांब्या बुडवायचा आणि पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला, असा तो सगळा मामला असे. गोवर, डांग्या खोकला आणि न्यूमोनियाचे रुग्णही भरपूर असत. आता रोटाव्हायरसची आणि न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते, गोवराची तर कधीपासून मिळते, आणि त्याचा परिणाम मला माझ्या रजिस्टरमध्ये दिसतो. मुले कमी आजारी पडतात ही आनंदाची गोष्ट आहे, पण ती दवाखान्याच्या जमाखर्चाला मानवत नाही. त्यात मुलेच कमी जन्माला येत आहेत: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा बराच खाली. पूर्वी एका घरातली चार भावंडे माझ्याकडे येत, आता एकच मूल येते आणि त्याच्याबरोबर चार माणसे येतात.

ही चार माणसे हाच तुमच्या कामाचा खरा भाग असतो, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो. मूल बोलत नाही. जे काही कळायचे ते आईकडून, आणि आईच्या आधी बोलणाऱ्या आजीकडून कळते. सोलापुरात तर ही आजी तीन-चार भाषांतली असते. तेलुगू घरातली 'विरेचनालु' म्हणते, दक्षिण सोलापूर किंवा अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी 'भेदी' म्हणते, माढ्याकडची 'ढाळ लागले' म्हणते. तापाला तेलुगूत 'ज्वरम' आणि कन्नडमध्ये 'ज्वर' म्हणतात हे आपल्या सोयीचे आहे, पण दूध ओढते का, लघवी किती वेळा झाली, रडताना डोळ्यांत पाणी येते का, हे त्या त्या भाषेत विचारता आले नाही तर अर्धे निदान हातचे जाते. तुमच्या नावावरून आणि वडिलांच्या कामावरून तुमच्या घरी तेलुगू बोलली जात असावी असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा तुम्ही पूर्व भागात पाच वर्षांनी पुढे आहात असे समजा.

आजीला हसणारे तरुण डॉक्टर मी पाहिले आहेत आणि मीही एके काळी हसलो आहे. एकदा एक आजी सहा किलोच्या नातवाला घेऊन आली आणि 'टाळू खोल गेलीया' एवढेच म्हणत राहिली. मी आधी जीभ पाहिली, ती ओली होती. मग पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती परत जायला वेळ घेत होती, आणि टाळूवर बोट ठेवले तर ती खरोखरच खोल होती. ती सांगत होती ते निर्जलीकरणाचे लक्षण होते आणि तिने ते माझ्याआधी पाहिले होते. सहा किलोच्या मुलाला किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे चार तासांत साडेचारशे मिलिलिटर जलसंजीवनी, असा हिशेब करून मी तिलाच वाटी-चमचा देऊन बाकावर बसवले. सलाईन लावावे लागले नाही. सोबत आलेल्या मुलाच्या काकांना मात्र सलाईनच हवे होते, आणि त्यांची समजूत घालण्यात माझा जो अर्धा तास गेला त्याची फी कोणी देत नाही.

वजनाचा हा हिशेब तुम्हाला आयुष्यभर करायचा आहे, म्हणून एक उदाहरण देतो. आठ किलोच्या मुलाला तापासाठी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम या दराने १२० मिलिग्रॅम लागते. हे १२० मिलिग्रॅम एका सिरपमधून पाच मिलिलिटर होतात, त्याच नावाच्या जास्त तीव्रतेच्या सिरपमधून २.४ मिलिलिटर, आणि तान्ह्या मुलांच्या ड्रॉप्समधून केवळ १.२ मिलिलिटर. घरात शेजारणीने दिलेली ड्रॉप्सची बाटली असते आणि आई मागच्या वेळेच्या आठवणीने त्यातला चमचाभर पाजते. तो चमचा ५०० मिलिग्रॅमचा, म्हणजे चौपटीहून अधिक असतो. म्हणून मी चिठ्ठीवर 'एक चमचा' असे कधीच लिहीत नाही आणि घरातली बाटली आणून दाखवल्याशिवाय फोनवर मात्रा सांगत नाही. काही पालकांना यामुळे मी खडूस वाटतो.

वाव कमी झाला तो सर्दी-खोकल्याच्या दवाखान्याचा. कमी वजनाची बाळे, दमा, किशोरवयीन मुलांचे प्रश्न, उशिरा बोलणारी मुले, लठ्ठपणा हे सगळे वाढले आहे आणि त्यासाठी धाराशिव, कलबुर्गी आणि विजयपुराकडूनही लोक सोलापुरातच येतात. खासगी दवाखान्यात लसीकरणाचा वाटा मोठा असतो. त्यासाठी दोन ते आठ अंशांत राहणारा फ्रिज, वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर आणि रोज दोनदा तापमान लिहिण्याची शिस्त लागते. हाती पैसा यायला शल्यचिकित्सकापेक्षा जास्त वर्षे लागतात, हे घरी आजच सांगून टाका.

अर्धविराम

वरील प्रतिसाद सुंदर आहे, पण त्यामुळेच मला दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. मी बालरोगाची जागा घेतली होती आणि दहा महिन्यांनी दंड भरून सोडली. आज मी रेडिओलॉजीत आहे आणि मला पश्चात्ताप होत नाही.

पहिल्या वर्षात माझी झोप गेली हे खरे कारण नव्हते. ती सगळ्याच शाखांत जाते. खरे कारण असे होते की, मोठा रुग्ण बिघडायला तास-दोन तास घेतो आणि तान्हे मूल तेवढा वेळ देत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त असेल तर तो धोक्याचा, हे मला परीक्षेत येत होते. पण रात्री तीन वाजता चाळीस मुलांच्या वॉर्डात प्रत्येकाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पाहायचे आणि एकाही ठिकाणी अर्ध्या मिनिटाला दोनने गुणून पुढे जायचे नाही, हे माझ्याच्याने होत नव्हते. एका रात्री मी गुणले. सुदैवाने सीनियर मागून येत होते आणि त्यांनी पुन्हा मोजले. त्या बाळाला काही झाले नाही, पण त्यानंतर घरी गेल्यावरही मी मनात मोजत बसे.

नातेवाइकांचा संताप हा दुसरा भाग आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे, पण पहाटे तीन वाजता वॉर्डच्या दारात वीस माणसे उभी असतात तेव्हा कायदा सकाळी उठून येणार असतो. मूल गमावलेल्या माणसाला मी दोष देत नाही. तो प्रसंग रोज पेलण्याची आपली तयारी आहे का, एवढेच तपासून पाहावे. तुमचे वडील रात्रपाळीबद्दल जे म्हणतात ते त्यांनी तीस वर्षे भोगून म्हटलेले आहे, ते केवळ भाबडी माया म्हणून बाजूला सारू नका. आणि 'मला मुले आवडतात' हे कारण असेल तर कृपया ही शाखा घेऊ नका. आजारी मुलाला डॉक्टर आवडत नाही. त्याला तुमच्या हातातली सुई दिसते.

मोहोळकर

मी जिल्ह्यातील एका उपजिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात काम करतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांत शहराचा विचार झाला आहे, म्हणून तालुक्याचा अनुभव लिहितो.

शासकीय महाविद्यालयातून एमडी केल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते आणि बहुतेक जण ती शिक्षेसारखी काढतात. माझ्या बाबतीत ते वर्ष संपले आणि मी तिथेच राहिलो. आपल्या देशात पाच वर्षांच्या आतील जी मुले दगावतात त्यातली निम्म्याहून अधिक पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात, त्यामुळे हे काम खऱ्या अर्थाने प्रसूतिगृहाच्या दारापासून सुरू होते. बाळ जन्मल्यावर रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याला पिशवी-मास्कने श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. त्या मिनिटाला मी तिथे असेनच असे नाही, म्हणून मी सिस्टरांकडून रबरी बाहुलीवर दर महिन्याला सराव करून घेतो आणि पिशवीचा झडपेचा भाग धुतल्यावर उलटा बसवला नाही ना, हे स्वतः पाहतो. एकदा तो उलटा बसवलेला मला सापडला होता. सुदैवाने तेव्हा खोलीत कोणी बाळ नव्हते.

आमच्याकडे १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे भरती होतात. त्यांना वाचवणारे सर्वांत स्वस्त साधन आईची छाती आहे. कांगारू पद्धतीने बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधून ठेवले की तापमान टिकते, दूध उतरते आणि बाळ वजन धरते. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हाळ्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, आईला दिवसातले अनेक तास असे बसायला सांगणे सोपे नसते. मी आज्यांनाही आळीपाळीने बसवतो. आजोबांनाही एकदा बसवले होते. ते मुंडासे काढायला तयार नव्हते, बाकी सगळे मान्य होते.

दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची बाळे फडातल्या कोपीत राहतात, लसीकरणाचे कार्ड गावाकडे राहिलेले असते आणि मुकादम टोळी हलवील तसा पत्ता बदलतो. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासावा लागतो, नाही तर वाचवलेले मूल आंधळे होऊ शकते. तपासणीच्या दिवशी ते कुटुंब नेमके दुसऱ्या तालुक्यात असते. मी अशा बाळांसाठी आईचा, मुकादमाचा आणि जवळच्या किराणा दुकानदाराचा असे तीन मोबाईल नंबर लिहून ठेवतो. तिसरा बहुतेक वेळा लागतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, हे तुम्ही वाचलेच असेल. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्यामागे ते काम आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी निम्मी नजर या सहा भेटींच्या नोंदींवर असते. तुम्हाला दवाखान्याची पाटी लावायची घाई नसेल तर इकडे वाव नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पगार वेळेवर येतो असे मात्र मी लिहिणार नाही.

जुळे_सोलापूरकर

मी डॉक्टर नाही, आई आहे. माझा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता आणि हाक मारली तरी वळत नव्हता. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा मामाही चार वर्षांनी बोलला', असे घरात आणि एका दवाखान्यातही ऐकले आणि त्यात आमचे आठ महिने गेले. शेवटी आम्ही पुण्याला जाऊन श्रवण तपासणी आणि विकासाची चाचणी करून घेतली, आणि पुढे दोन वर्षे महिन्यातून दोनदा पहाटेच्या गाडीने पुण्याला ये-जा केली. आज तो शाळेत जातो आणि फार बोलतो.

विकासाचे प्रश्न समजणारे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या हाताखाली वाचा-उपचार करणारे शिकलेले लोक सोलापुरात जितके वाढतील तितके बरे, एवढेच मला सांगायचे आहे. तुम्ही एमडी करणार असाल तर ही बाजू नक्की शिकून या. तपासताना जमिनीवर मुलाच्या समोर बसणारा डॉक्टर आम्हाला पहिल्यांदा पुण्यातच भेटला.

विणकरकन्या

सर्वांचे मनापासून आभार. होय सर, आमच्या घरी तेलुगूच बोलली जाते; आजी अजूनही दत्त नगरात राहते आणि तिच्या तोंडचे 'विरेचनालु' वाचून मला हसू आले. अर्धविराम यांचे म्हणणे मी दोनदा वाचले. मला मुले विशेष आवडतात असे मी कधी म्हटलेले नाही, आणि खरे सांगायचे तर वॉर्डात मला आवडला तो हिशेब: वजन, मिलिलिटर, श्वास, आणि तासाभराने पुन्हा तेच सगळे. पण जुना_डीसीएच सरांनी सवयीबद्दलचे उत्तर राखून ठेवले आहे, त्याची मी वाट पाहत आहे.

जुना_डीसीएच

आठवडाभर विचार करून लिहितो आहे.

सवय होते, पण ती कामाची होते, त्या क्षणाची होत नाही. माझ्या निवासी काळात आमच्या मॅडमनी आम्हाला काही गोष्टी लावून दिल्या होत्या आणि मी त्या अजून सोडलेल्या नाहीत. मूल गेल्यावर आईवडिलांना व्हरांड्यात उभे ठेवून सांगायचे नाही. त्यांना बसवायचे, आपणही बसायचे आणि 'गेले' हाच शब्द वापरायचा. 'आम्ही प्रयत्न केले' असे आधी म्हटले की त्यांना वाटते अजून काही बाकी आहे. मुलाच्या अंगावरच्या नळ्या, चिकटपट्ट्या काढून, तोंड पुसून, मगच ते आईच्या हातात द्यायचे. तिला ते धरायचे आहे का हे विचारायचे आणि ती म्हणेल तितका वेळ द्यायचा, मग खाट रिकामी करण्याची कितीही घाई असो. त्यानंतर केस पेपर आपण स्वतः, त्याच वेळी, वेळेसकट लिहायचा. तुम्हाला त्या सकाळी लिहिता आले नाही, कारण तुम्ही तो राउंडपर्यंत ठेवला असावा. लिहिणे लांबले की हात जड होतो, हा माझा अनुभव आहे.

मग त्या आठवड्यात कधी तरी, वॉर्ड शांत असताना, ती फाईल पुन्हा काढून सीनियरबरोबर पहिल्या पानापासून वाचायची. मूल किती वाजता आले, पहिले वजन कोणी घेतले, श्वास कोणी मोजला, पहिली मात्रा किती वाजता गेली. यात दर वेळी चूक सापडतेच असे नाही. कधी सापडते, आणि तेव्हा पुढच्या मुलासाठी काही तरी बदलता येते. आमच्या वॉर्डात खाटेच्या डोक्याशी मुलाचे वजन मोठ्या आकड्यांत लिहिण्याची पद्धत अशाच एका वाचनानंतर सुरू झाली. कधी सापडत नाही, आणि ते जास्त अवघड असते. अर्धविराम यांनी जागा सोडली यात मला कमीपणा वाटत नाही. रात्री तीन वाजता आपण गुणाकार केला हे ज्याला दहा वर्षांनीही आठवते तो कुठल्याही शाखेत चांगलाच डॉक्टर असणार.

आणखी एक, जुळे सोलापूरकर ताईंसाठी: तुमचे म्हणणे मला लागले. 'मुलगे उशिरा बोलतात' हे वाक्य मीही पूर्वी अनेकांना सांगितले आहे. आता सांगत नाही, आणि गुडघे दुखत असले तरी खाली बसतो.

पसंतीक्रमाबद्दल विचाराल तर, घराजवळ राहण्यासाठी डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालयच वर टाकावे असा मोह होईल. ते १९६३ साली सुरू झाले आणि योगायोगाने भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्याच वर्षीची, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव आहे. तरीही तुम्ही एमबीबीएस सोलापुरातच केले आहे, म्हणून तीन वर्षे दुसरीकडे काढावीत असे मी सुचवीन. जिथे स्वतंत्र नवजात कक्ष, व्हेंटिलेटरवरील मुले आणि विकासविषयक बाह्यरुग्ण विभाग हे तिन्ही आहेत, असे महाविद्यालय वर ठेवा. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला फोन करून विचारा की प्रक्रिया स्वतःच्या हाताने किती करायला मिळतात, आणि मूल गेल्यावर सीनियर रात्री वॉर्डात येतात की फोनवर बोलतात.

विणकरकन्या

सर, हा प्रतिसाद मी आईवडिलांना तेलुगूत वाचून दाखवला. आई काही बोलली नाही, पण नंतर स्वयंपाकघरातून तिने विचारले की त्या १४०० ग्रॅमच्या बाळाचे आता वजन किती असेल. दुसऱ्या वर्षाच्या तीन निवासी डॉक्टरांना फोन करून झाले आहेत आणि त्यातल्या दोघांनी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी बराच वेळ घेतला, त्यावरूनच मला क्रम लावता आला. यादीत फक्त बालरोग भरले आहे. वडिलांनी विरोध केला नाही, मात्र तीन वर्षे सलग रात्रपाळ्या असतील तर त्याचा वेगळा भत्ता मिळतो का, एवढे इथे विचारून घे म्हणाले.

मोहोळकर

मिळत नाही. विद्यावेतन एकच असते, दिवसाचे आणि रात्रीचे मिळून. वडिलांना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या महिन्याला वाद होणार नाही.